इदेमबाबा आणि चर्चची जुनी रजिस्टरं

माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. शेवटची अकरा वर्षं मी ज्या गावात पोस्टमास्तर होते, त्याच गावात निवृत्तीनंतर राहिले. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की पालीच्या पुढे एक फाटा लागतो, तिथून आत. मुलगी पुण्याला चल म्हणत होती, पण इथं मला सगळे ओळखतात, अजूनही ‘मास्तरबाई’ म्हणतात, आणि पुण्यात मी नुसती कुणाची तरी आई झाले असते.

मला आयुष्यात एकच गोष्ट फार चांगली येते. वाईट अक्षर वाचता येतं. एकदा एका पाकिटावर पेन्सिलीनं नुसतं ‘काळ्या मामाला, धरणाच्या अंगाला’ असं लिहिलं होतं, वर चहा सांडलेला. ते पाकीट मी त्याच दिवशी योग्य माणसाच्या हातात दिलं होतं. हे मी अनेकांना अनेकदा सांगितलेलं आहे. बहुधा त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आमच्या गावात एक लहानसं कॅथलिक चर्च आहे. मी काही ख्रिस्ती नाही, आमच्याकडे खंडोबा. पण चर्चच्या समोरच माझं घर, त्यामुळे तिथल्या फादरांशी बोलणं असायचं. आत्ताचे फादर तरुण आहेत, वसईकडचे. एका सकाळी ते लॅपटॉप काखेत मारून माझ्या ओट्यावर आले.

“काकू, तुमच्यासारखं माणूस मला जिल्ह्यात सापडणार नाही,” ते म्हणाले.

अशी सुरुवात झाली की माणसानं सावध व्हावं. मी चहा टाकला.

गोष्ट अशी होती. चर्चच्या कपाटात निझामाच्या काळापासूनची बाप्तिस्म्याची रजिस्टरं होती. कोणत्या लेकराचा बाप्तिस्मा कधी झाला, आईबाप कोण, गाव कोणतं, लेकराची जबाबदारी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं. लिहिणारे जुने फ्रेंच फादर, भाषा लॅटिन, आणि कागद असे की शिंकलं तरी तुटतील. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं आता आपले आजे-पणजे शोधत यायची, आणि फादरांना प्रत्येकासाठी तासन्‌तास पानं उलटावी लागायची. म्हणून त्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढले होते. एक एआयचा प्रोग्राम ते फोटो वाचून तक्ता भरत होता. फक्त तो बरोबर वाचतोय की नाही, हे बघायला कुणीतरी हवं होतं.

“डावीकडं पान दिसेल, उजवीकडं त्यानं काय वाचलं ते. हिरवं म्हणजे त्याची पक्की खात्री, पिवळं म्हणजे शंका, लाल म्हणजे त्याला काही कळलेलं नाही. तुम्ही नावं आणि गावं तेवढी बघा. लॅटिनकडं लक्ष देऊ नका.”

एवढं सांगून फादर तीन आठवड्यांसाठी वसईला गेले. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

पहिले दोन दिवस मी फार खुशीत होते. तो प्रोग्राम हुशार होता, पण या भागातला नव्हता. पाली हे गाव त्यानं सरळ ‘पॉल’ करून टाकलं होतं, त्यामुळे कितीतरी लेकरं पॉलमध्ये राहत होती. मांजरसुंब्याची त्यानं एक बाई केली होती, मार्जरी सुंबा. मी एकेक चूक दुरुस्त करत गेले. प्रत्येक दुरुस्तीला तो लिहायचा, ‘उत्कृष्ट निरीक्षण!’ पोस्टात इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला इदेम भेटला.

एका पानावर धर्मपित्याच्या रकान्यात ‘इदेम’ लिहिलेलं होतं. त्याच्या खाली पुन्हा इदेम. त्याच्या खालीही इदेम. दुसऱ्या पानावर इदेम, पुढच्या रजिस्टरात इदेम. अक्षर इतकं स्वच्छ की बाकी पानभर किडे-मुंग्या आणि मध्ये हे एक नाव मोत्यासारखं. प्रोग्रामही त्याच्याबाबतीत कायम हिरवा. मी मोजायला बसले आणि शंभराच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. एकट्या माणसानं शेकडो लेकरांची जबाबदारी घेतली होती! काही ठिकाणी तर तो बापाच्या रकान्यातही होता, पण ते मी सभ्यपणे बाजूला ठेवलं.

मग धर्ममातेच्या रकान्यात ‘एआदेम’ सापडली. तीही पानोपानी. इदेम आणि एआदेम. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: नवरा-बायको! पोटी मूल नसणार, म्हणून गावोगावच्या लेकरांना असा जीव लावला असणार. खोटं कशाला सांगू, माझे डोळे ओले झाले.

त्या प्रोग्राममध्ये प्रश्न विचारायला एक खिडकी होती. मी मराठीत विचारलं, “इदेम कोण होते?”

क्षणात उत्तर आलं. ‘नोंदींवरून असे दिसते की इदेम हे या परिसरातील अत्यंत आदरणीय व्यक्तिमत्त्व असावे. त्यांनी अनेक दशके निःस्वार्थपणे धर्मपित्याची भूमिका पार पाडली. आपण त्यांच्या कार्याविषयी अधिक जाणून घेऊ इच्छिता का?’

इच्छित होते तर! पण यंत्राच्या शब्दावर जाणारी मी नव्हे. मी खात्री करायला माणसांकडे गेले.

चर्चच्या ओट्यावर रोज सकाळी दोन म्हातारे बसायचे. एकमेकांचे चुलत भाऊ. दोघांनीही ऐंशी गाठलेली. एकांना जाड भिंगाचा चष्मा, त्यांना मी चष्मेवाले आबा म्हणायचे. दुसऱ्यांच्या हातात बारा महिने छत्री, ते छत्रीवाले आबा. खरं म्हणजे अशा दोघांना गाव थोरले आबा आणि धाकटे आबा म्हणतं. पण इथं तीच पंचाईत होती. दोघांत थोरला कोण, यावर चाळीसएक वर्षं भांडण चालू होतं. चर्चच्या सणाला पहिला हार वेदीपुढे ठेवायचा मान सगळ्यांत थोरल्या माणसाचा, म्हणून.

“पोलिस ॲक्शनच्या टायमाला मी चालत होतो,” छत्रीवाले म्हणायचे, “अन्‌ ह्यो पाळण्यात.”

“पाळणा तुजाच होता बे,” चष्मेवाले म्हणायचे. “मी झोका देत होतो.”

मी त्यांच्यापुढे बसले आणि विचारलं, “आबा, इदेम नावाचं कुणी आठवतंय का? जुना माणूस. पुष्कळ लेकरांचा धर्मपिता होता.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता कळतं, त्या दोघांनाही ते नाव पहिल्यांदाच ऐकू येत होतं. पण ‘माहीत न्हाई’ म्हणणारा धाकटा ठरला असता.

“इदेम?” छत्रीवाले म्हणाले. “आठवतो म्हंजी काय! मोठा फेटा. लई दयाळू.”

“फेटा कावून? टोपी होती,” चष्मेवाले म्हणाले. “मला खांद्यावर बसवून धरणाकडं न्यायचा.”

“तवा धरण कुटं होतं बे?”

“नदीकडं न्यायचा. धरणाच्या जागी नदीच होती की.”

“आणि त्यांची बायको?” मी म्हटलं. “एआदेम?”

“अगागागा,” चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. “तिच्या हातचं पिठलं!”

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. एक शंका मात्र मला छळत होती. पहिल्या रजिस्टरापासून शेवटच्यापर्यंत हा माणूस धर्मपिता होता, म्हणजे शंभरी ओलांडून तो लेकरं धरायला उभा राहत होता. मी तसं बोलून दाखवलं.

“ज्वारीची भाकर, बाई,” छत्रीवाले म्हणाले. “त्या टायमाचं खाणं येगळं.”

तरीही मी फादरांना फोन लावला. निष्काळजीपणाचा आरोप माझ्यावर कुणी करू नये. ते दवाखान्यात होते, मागे बराच गलका होता.

“फादर, रजिस्टरात इदेम आहे ना, तो कोण हो?”

“इदेम?” फादर हसले. “अहो काकू, तो वरचाच!”

“वरचा?”

“हो, वरचाच. जिथं इदेम दिसेल तिथं वरचाच समजायचं...” आणि रेंज गेली.

मी फोन खाली ठेवला आणि नकळत हात जोडले. वरचाच! देवाचा माणूस. फादरसुद्धा किती सहज बोलून गेले होते. मला तर वाटलं, आपण एवढी वर्षं समोरच्या घरात राहिलो आणि आपल्याला याचा पत्ताच नव्हता.

‘वरचाच’ हे मी दोघा आबांना सांगितलं. त्यांनी ते चर्चच्या बायकांना सांगितलं. आठ दिवसांत गावात इदेम नावाच्या मागं ‘बाबा’ लागलं. एका म्हातारीनं सांगितलं की इदेमबाबांनी हात ठेवला आणि तिच्या सासूची म्हैस उठून उभी राहिली. इदेमबाबा आपल्याच घराण्यातले, असं सांगणारी दोन घरं निघाली आणि त्या दोन घरांचं आपसांत बोलणं बंद झालं. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडायचे, इदेमपुढे बरोबरची खूण करत जायचे आणि मनातल्या मनात नमस्कार करायचे.

चर्चचा सण जवळ आला होता. फादरही त्याच सकाळी परत येणार होते. छत्रीवाल्या आबांनी ओट्यावर जाहीर केलं, “बाबांचा फ्लेक्स लावायचा.”

आमच्या जिल्ह्यात वाढदिवस, निवड, निधन, नवा ट्रॅक्टर, कशालाही फ्लेक्स लागतो. देवाच्या माणसाला नको? फ्लेक्सचा मजकूर लिहायला अर्थातच मला सांगितलं. मी दोन दिवस घेतले आणि लिहिलं: ‘शेकडो लेकरांचे धर्मपिता, निष्काम सेवक कै. इदेमबाबा व धर्ममाता कै. एआदेममाई यांना विनम्र अभिवादन.’ ‘निष्काम’ शब्दावर मी स्वतः फार खूश होते.

दोघा आबांना घेऊन मी बीडला फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानाचे भाई ओळखीचे, त्यांच्या वडिलांची पार्सलं माझ्याच हातून गेलेली.

“फोटो द्या, मावशी,” ते म्हणाले.

“फोटो नाही. फार जुने आहेत.”

“हरकत नाही. बनवून टाकू. दिसायला कसे होते?”

“फेटा,” छत्रीवाले म्हणाले.

“टोपी,” चष्मेवाले म्हणाले.

भाईंनी कॉम्प्युटरला दोन्ही सांगितलं. चित्र आलं ते असं: दाढीवाला दयाळू म्हातारा, डोक्यावर फेटा, फेट्यावर टोपी. शेजारी नाकात नथ घातलेली एआदेममाई. मागे बालाघाटाचा डोंगर मागितला होता, तो आला, पण त्यावर बर्फ पडलेलं होतं आणि एक हरीण उभं होतं.

“हरीण काढता येईल का?” मी विचारलं.

“असू द्या, बाई,” चष्मेवाले म्हणाले. “बाबांना जनावरांची आवड होती.”

खाली शुभेच्छुक म्हणून दोघा आबांचे फोटो टाकायचे होते. पहिला फोटो कुणाचा, यावर दुकानात इतकं भांडण झालं की शेवटी भाईंनी एकाला डाव्या कोपऱ्यात आणि दुसऱ्याला उजव्या कोपऱ्यात टाकलं. परत येताना एसटीत दोघेही आपलाच कोपरा मानाचा म्हणून खूश होते.

सणाच्या दिवशी सकाळी फ्लेक्स फाट्यावर लागला. चर्चवर पताका, ओट्यावर खुर्च्या, बायका नव्या साड्यांत. मी पण इरकल नेसून गेले होते. नऊच्या सुमारास फादर फाट्यावर उतरले आणि बॅग घेऊन चालत आले. चेहरा काहीतरी विचित्रच दिसत होता. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“काकू, फाट्यावर ते कोण आहेत?”

“इदेमबाबा,” मी अभिमानानं म्हटलं. “आणि माई.”

“कोण इदेमबाबा?”

“असं काय करता? तुम्हीच म्हणालात ना फोनवर, तो वरचाच म्हणून.”

फादरांनी बॅग खाली ठेवली. मग स्वतः पायरीवर बसले. “काकू,” ते म्हणाले, “वरचाच म्हणजे वरच्या ओळीतलाच. इदेम म्हणजे लॅटिनमध्ये ‘तोच’. वर जे नाव असेल तेच इथं, पुन्हा लिहायचा कंटाळा म्हणून. आणि एआदेम म्हणजे ‘तीच’.”

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा वाईट वाटण्याआधी एक शब्द आठवला. कित्ता! पोस्टाच्या रजिस्टरात वरच्याप्रमाणेच असेल तर आम्ही खाली ‘कित्ता’ लिहायचो. मी स्वतः तो शब्द हजारो वेळा लिहिला होता. आणि आता मी फाट्यावर कित्ताबाबांचा फ्लेक्स लावला होता, बर्फासकट.

“फादर,” मी म्हटलं, “मला घरी जाऊ द्या.”

“छे! कुठं जाता? मिस्सा होऊ दे. मग सांगू.”

त्यांनी मिस्सेत, म्हणजे सणाच्या प्रार्थनेत, त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त प्रवचन करताना दोनदा त्यांना खोकला आला आणि ते रुमालाआड गेले. मी शेवटच्या बाकावर बसून फरश्या मोजत होते. सभोवतालच्या प्रत्येक माणसाला मी फसवलं होतं, आणि तेही ‘निष्काम’ शब्द वापरून.

मिस्सा झाल्यावर फादरांनी जुनं रजिस्टर ओट्यावरच्या टेबलावर आणलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. मग म्हशीची गोष्ट सांगणारी म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिचं पाहून दुसरी हसली आणि मग सगळ्या बायका.

चष्मेवाले आबा मात्र गंभीर होते. “मंग मला खांद्यावर कुणी बसवलं?” त्यांनी विचारलं.

“मला पहिल्यापास्नं डाउट होता,” छत्रीवाले म्हणाले.

“फ्लेक्सचं तूच काढलं बे!”

“तुजी परीक्षा बघत होतो.”

फादरांनी चष्मेवाल्यांची नोंद काढली. धर्मपित्याच्या रकान्यात इदेम. त्यांनी बोट वर नेलं, पुन्हा इदेम, आणखी वर इदेम, मागचं पान, इदेम, आणि तिथं सगळ्यांत वर एक खरं नाव होतं. गावातलाच एक माणूस, लोकांना प्रार्थना शिकवणारा. ज्यांना दुसरं कुणी नसायचं त्या सगळ्या लेकरांसाठी तो उभा राहिला होता. फादरांनी ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. कुणालाच काही आठवलं नाही. ना फेटा, ना टोपी. चष्मेवाल्यांनी रजिस्टरावर वाकून ते नाव बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्याचं काहीच न्हाई ध्यानात. खरंच न्हाई.” त्यांच्या तोंडून ‘न्हाई’ मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

तेवढ्यात छत्रीवाल्यांनी आपली नोंद विचारली. ती चष्मेवाल्यांच्या बरोबर खाली होती. गाव: इदेम. धर्मपिता: इदेम. बाप्तिस्म्याची तारीख: इदेम.

“म्हंजी?” छत्रीवाले म्हणाले.

“म्हणजे तुमचा दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला.”

“जन्माचं काय लिवलंय?”

फादर वाकले. “यांच्यापुढं ‘वय चार दिवस’. तुमच्यापुढं...” ते थांबले. “इदेम.”

चाळीस वर्षांचं भांडण असं एका शब्दात संपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोघे एकमेकांकडे असे बघत राहिले, जणू काही दोघांचंही काहीतरी हरवलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादर म्हणाले, “चला, हार दोघं मिळून ठेवा.”

दोघे हार धरून वेदीकडे निघाले. चार पावलं गेल्यावर चष्मेवाले थांबले आणि म्हणाले, “पण माजं नाव वरच्या ओळीत हाय. बाप्तिस्म्याचं पाणी आदी माज्या डोस्क्यावर पडलं.”

“तू रडत आसशील, म्हणून आदी घेतलं,” छत्रीवाले म्हणाले, आणि दोघांच्या चेहऱ्यावर पुन्हा जीव आला.

फ्लेक्स त्याच दुपारी उतरवला. छत्रीवाल्यांनी तो कडब्याच्या गंजीवर टाकला. कापड चांगलं आहे, म्हणाले.

मला वाटलं होतं फादर आता लॅपटॉप परत मागतील. त्यांनी उलट एका पुठ्ठ्यावर वीसएक लॅटिन शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून दिले. मी सगळी रजिस्टरं पुन्हा पहिल्यापासून काढली. प्रत्येक इदेमपाशी थांबून वर खरं नाव सापडेपर्यंत बोट सरकवत गेले. आधी प्रोग्रामला सांगितलं, इदेम ही व्यक्ती नाही. तो म्हणाला, ‘आपले अगदी बरोबर आहे! इदेम म्हणजे तोच. ही एक सामान्य लॅटिन संज्ञा आहे.’ मी त्याला विचारलं, मग आधी का नाही बोललास? यावर त्यानं माझी क्षमा मागितली आणि आणखी काही मदत हवी का ते विचारलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

ते काम संपायला दिवाळी आली. त्या दरम्यान पुण्याहून एक बाई आपल्या पणजीचा शोध घेत आल्या होत्या. नाव टाकलं आणि पणजी लगेच सापडली. आईबाप, गाव, धर्ममाता, सगळं खऱ्या नावानिशी. त्या बाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीला हात लावला. मग आम्ही ओट्यावर बसून त्यांनी आणलेली बिस्किटं आणि माझ्याकडची सीताफळं खाल्ली.

लग्नांची रजिस्टरं त्यानंतर सुरू केली. परवा मुलीचा फोन आला तेव्हा मी पुठ्ठा पुढ्यात घेऊन पाठ करत बसले होते.

“आई, तू लॅटिन शिकतेस?” ती म्हणाली.

“सगळं नाही गं,” मी म्हटलं. “फक्त कामापुरतं,” आणि तिला सांगितलं, विधुराला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते इंटरनेटवर बघून दे, माझ्या पुठ्ठ्यावर तिथंच चहा सांडलाय.